मांस अजून कच्चं आहे

मारियेलाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे ओतिलियाला तिच्या लग्नाच्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर ती टोमॅटो चिरायला मुद्दाम तिच्या शेजारी येऊन बसली होती.

"आत्या, तुम्ही आज पोटभर जेवायचं हं," मारियेला म्हणाली. "आणि काही झालं तरी मनाला लावून घ्यायचं नाही."

"काय होणारेय?"

"छे, कुठं काय."

ओतिलियानं सुरी खाली ठेवली. "हे बघ, भाचेसून म्हणून मी तुला कधी बोलले नाही. तुझी ती राजधानीतली केळ्याची कोशिंबीरसुद्धा गिळली. आता अर्धं बोलून माझा जीव टांगू नकोस. बोल."

मारियेलानं दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि मग सगळं एका दमात सांगून टाकलं. तिचा नवरा दानिलो पुढच्या वर्षी ओतिलियाच्या एल्वियोबरोबर टेनिसची डबल्स खेळणार नव्हता. स्वीडनचा कुणी मेल्कर म्हणून होता, तो दाराच्या चौकटीत मावत नाही एवढा उंच, त्याची सर्व्हिस डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. त्याच्याशी बोलणं जवळजवळ झालं होतं. आज जेवताना, टाळ्या झाल्या की दानिलो उभा राहून सगळ्यांसमोर जाहीर करणार होता.

"सगळ्यांसमोर? एल्वियोला आधी नाही सांगितलं?"

"एकट्याला सांगितलं तर त्याला किती वाईट वाटेल, आत्या. घरचे सगळे असले की आधार असतो."

"आणि हे कुणाकुणाला माहितेय?"

"कुणालाच नाही. आईंना, बाबांना, क्लबच्या अध्यक्षांना. आणि माझ्या पार्लरवालीला, पण ती कुणाला सांगत नाही."

म्हणजे सबंध कोलोनिया गावात एकट्या एल्वियोला तेवढं ठाऊक नव्हतं. तो त्या वेळी अंगणात मामाच्या शेगडीपाशी उकिडवा बसून लाकडं फोडत होता आणि निखारे पुढं ओढून देत होता. डिसेंबरचं, त्या देशातलं भर उन्हाळ्याचं ऊन टाळूवर, समोर जाळ, आणि अंगात तोच जुना पॅरिसचा टी-शर्ट. आपल्या मुलाची पाठ ओतिलियानं खिडकीतून पाहिली. छत्तीस वर्षांचा घोडा झाला तरी मान तशीच, बारीक, पोराची.

या त्रोसेरो घराण्याला डबल्स हा खेळच कधी पटला नव्हता. ओतिलियाचा धाकटा भाऊ आल्दो, पेरणीयंत्रं दुरुस्त करणारा, गावातला सगळ्यांत मोठ्या आवाजाचा माणूस. तो म्हणायचा, दोघांनी मिळून एक ट्रॅक्टर चालवण्यासारखं आहे हे. एकाला जमत नाही म्हणून दुसरा बसवायचा. त्यानं पोटच्या पोराला, दानिलोला, एकट्यानं जिंकायला वाढवलं होतं. दानिलो एकट्यानं खेळला, जागतिक क्रमवारीत चारशेच्या आसपास कुठंतरी अडकला, आणि बाविसाव्या वर्षी गुडघा आणि तोंड दोन्ही सुजवून घरी परत आला. तेव्हा त्या गुडघ्यावर त्याला फार पळावं लागू नये म्हणून अर्धं मैदान आपल्याकडे घेणारा माणूस हवा होता. तो माणूस, एल्वियो, मामाच्या कारखान्यात लेथवर उभा होता. संध्याकाळी क्लबच्या एकुलत्या एका लाल मातीच्या मैदानावर ते दोघं लहानपणापासून खेळतच होते.

पुढची कहाणी गावाला पाठ होती. दोघं एका खोलीत, कधी एका पलंगावर झोपले. बोगोटात दोघांनी मिळून एकच ताप काढला. दानिलो जाळ्यापाशी उभा राहून हवेतले चेंडू ठोकायचा आणि टीव्हीवर दिसायचा. एल्वियो मागं राहून पायाशी आलेले, वाकडे, मेलेले चेंडू परत पाठवायचा आणि टीव्हीवर फारसा दिसायचा नाही. पॅरिस जिंकलं त्या वर्षी क्लबच्या भिंतीवर दोघांचं चित्र काढायचं ठरलं. दानिलो पूर्ण निघाला, अगदी बुटांच्या नाड्यांसकट. पुढं शौचालयाचं दार आलं. एल्वियोचं एक कोपर आणि रॅकेटचं टोक तेवढं भिंतीत बसलं. अध्यक्ष फेर्मिन बेस्सोने म्हणाले, जाणकार माणूस कोपरावरूनही ओळखतो. ओतिलिया त्या दिवसापासून क्लबात गेली की आपल्या दुकानाच्या बाजूच्या फाटकानं जायची, म्हणजे ती भिंत दिसत नसे.

"किती वाजता निघायचंय तुम्हाला?" तिनं मारियेलाला विचारलं.

"साडेचारला. विमान आहे ना."

ओतिलियानं टोमॅटोवर मीठ घातलं. साडेचार. तोवर टाळ्या झाल्या नाहीत तर भाषण नाही. भाषण झालं नाही तर दानिलोला पुढं कधीतरी फोन करून सांगावं लागेल, चार भिंतींत, माणसासारखं. रडायचं तर पोरगं घरात रडेल. या लोकांच्या ताटांपुढं नाही.

कारण त्यांच्याकडे एक रीत होती, आणि ती फक्त त्रोसेरोंची नव्हे, सबंध गावाची. असादोचं, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेलं मांस पानात आलं की पहिल्या घासानंतर शेगडीवाल्यासाठी टाळ्या वाजवायच्या. त्याआधी कुणी उठून बोलत नाही, पेला उंचावत नाही. भांडण काढायचं असेल तर तेही नंतर. आल्दो तर या टाळ्यांसाठीच जगत होता. निखारे एल्वियोनं ओढले तरी चिमटा आल्दोच्याच हातात. एका शेगडीला एकच माणूस, हे त्याचं ब्रह्मवाक्य. दुसऱ्यानं जाळीवरचा नुसता तुकडा हलवला तरी तो आठवडाभर बोलत नसे.

द्राक्षवेलीखाली टेबल लागलं. फेर्मिन बेस्सोने त्या उकाड्यात टाय बांधून आले होते. दानिलोनं फोन उपडा ठेवला होता आणि दर मिनिटाला सुलटा करून बघत होता. आल्दोची बायको बेनिता प्रत्येकाच्या पेल्यात बर्फ टाकत होती, आणि ओतिलियाच्या पेल्यात तिनं दोन खडे जास्त टाकले. काल रात्री नवऱ्याच्या तोंडून सगळं कळल्यापासून ती नणंदेशी फार गोड वागत होती.

पहिली बरगडी रीतीप्रमाणे घरातल्या थोरल्या माणसाच्या पानात, म्हणजे ओतिलियाच्या. सगळ्यांचे तळहात तयार. तिनं तुकडा तोंडात घातला. आणि देवा रे, असं मांस आल्दोच्या हातून गेल्या दहा वर्षांत झालं नव्हतं. बाहेरून खरपूस, आतून रसरशीत, मीठ बेतात. तिला भावाचा मनापासून अभिमान वाटला.

"आल्दो," ती म्हणाली, "कच्चं आहे."

फेर्मिन बेस्सोनेंचे तळहात एकमेकांपासून वीतभर अंतरावर थांबले. बेनितानं छातीवर क्रुसाची खूण केली.

"काय आहे?"

"कच्चं."

"ताई, मी चाळीस वर्षं शेगडीपाशी आहे."

"आणि चाळीस वर्षं आम्ही गप्प बसलो."

आल्दोचा चेहरा आधी पांढरा झाला, मग निखाऱ्यांसारखा. पण थोरल्या बहिणीपुढं काय बोलणार. त्यानं बरगड्या परत जाळीवर टाकल्या. पानांत नुसती कोशिंबीर राहिली. मारियेला आनंदानं ती खायला लागली.

थोड्या वेळानं मांस पुन्हा आलं. ओतिलियानं काटा खुपसला, हाडाजवळ पाहिलं, तुकडा उजेडाकडे धरला. "इथं लाल आहे."

"तो रस आहे, ताई. त्याला रस म्हणतात."

"अध्यक्षांना विचार."

फेर्मिन बेस्सोने सगळ्यांच्या बाजूनं असायचे, म्हणून तर अठरा वर्षं अध्यक्ष होते. "ओतिलियाबाईंचा शब्द अनुभवाचा आहे," ते म्हणाले, "आणि आल्दोचा हात कसलेला आहे. मांसानंही थोडं समजून घ्यायला हवं."

तेवढ्यात घरभेद झाला. बेनितानं बर्फाचं भांडं खाली ठेवलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "वन्सं म्हणतात त्यात तथ्य आहे हो. मलाही नेहमी जरा कच्चटच लागतं."

"नेहमी म्हणजे?" आल्दोनं विचारलं.

"म्हणजे लग्नापासून."

"आणि आज सांगतेस?"

"आज विषय निघाला."

"बाबा, आता वाद नको," दानिलो म्हणाला. "मांस छान आहे. आपण टाळ्या वाजवू या, मला निघायचंय."

"तुझं काय जातंय," ओतिलिया म्हणाली. "तुम्ही तरणी माणसं. माझ्या वयाला कच्चं मांस पोटात गेलं तर उद्या मलाच दवाखान्यात न्याल. टाका परत."

मग ती हात धुण्याच्या निमित्तानं उठली आणि शेगडीपाशी गेली. एल्वियो मामाच्या मागं उभा राहून फावड्यानं निखारे सारत होता. आल्दो दोघांकडे पाठ करून मिठाचा डबा शोधत होता, जो त्याच्या हातातच होता.

"आई," एल्वियो हळूच म्हणाला, "मांस चांगलं होतं."

"मला कच्चं लागलं."

"डॉक्टरनं तुझं मीठ बंद केलंय, जीभ नाही. मामाचा काय छळ चालवलायस?"

"तू बस ना जरा सावलीत. घामानं निथळतोयस."

"काय झालंय?"

ओतिलियाला त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. ओठांवर आलेलं होतं. पण एल्वियोनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला, कपाळाला काळा पट्टा लागला, आणि तिला धीर झाला नाही. तिनं आपल्या रुमालानं तो पट्टा पुसला. "काही नाही. माझा दात दुखतोय," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

तिसऱ्यांदा मांस आलं तेव्हा चार वाजत आले होते. आल्दोनं लाकडी फळी तिच्यापुढं आपटली. "घे. आता हे कच्चं असेल तर बैलच चुकीचा होता."

ओतिलियानं चावलं. थोडं कडक झालं होतं, पण अजूनही उत्तम होतं. सगळं टेबल तिच्या जबड्याकडे बघत होतं. तिला भावाची दया आली, आणि तरी ती म्हणाली, "मधे थंड आहे."

आल्दोनं चिमटा जमिनीवर फेकला. "बस. या घरात आता ज्याला अक्कल आहे त्यानं शेगडी बघावी. बेनितानं बघावी. अध्यक्षांनी बघावी." तो तरातरा जाऊन आपल्या मालवाहू गाडीत बसला, दार ओढून घेतलं आणि रेडिओ लावला. खिडकी मात्र उघडी ठेवली, नाहीतर टेबलावरचं ऐकू कसं आलं असतं.

एल्वियोनं चिमटा उचलला, पुसला, बरगड्या गोळा केल्या आणि जाळीवर मांडल्या. आपल्या मामाच्या हयातीत त्या शेगडीवर हात घालणारा तो पहिला.

दानिलोनं फोनवर वेळ पाहिली आणि उभा राहिला.

"टाळ्या व्हायच्यात," ओतिलिया म्हणाली.

"आत्या, राहू देत टाळ्या. मला एक सांगायचंय."

"टाळ्यांआधी?"

"टाळ्यांआधी."

त्यानं उजव्या हातात पेला घेतला आणि डावा हात पाठीमागं नेला. सवयच ती. जाळ्यापाशी उभा असला की तो असाच एक हात कमरेमागं धरायचा आणि मागच्या एल्वियोला बोटांनी सांगायचा. मूठ म्हणजे मी इथंच आहे. उघडा पंजा म्हणजे मी माझी बाजू सोडून पलीकडे झेपावतोय, माझी रिकामी जागा तू बघ. ओतिलियानं या दोघांचे टीव्हीवर दाखवलेले सगळे सामने पाहिले होते, पहाटे उठून, दुकान उघडायच्या आधी. त्या पाठीमागच्या हाताइतकं तिनं आपल्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडेही कधी पाहिलं नसेल.

"आम्ही दोघांनी खूप काही मिळवलं," दानिलो सुरू झाला. "गावाचं नाव केलं. पण खेळाडूच्या आयुष्यात एक वळण येतं..."

पाठीमागची मूठ सैल झाली आणि पंजा उघडला.

शेगडीपाशी एल्वियो त्या पंजाकडेच बघत होता. आणि ओतिलियानं पाहिलं, तिच्या मुलाचा डावा पाय आपोआप एक पाऊल बाजूला पडला. रिकामी जागा भरायला. मग त्याच्या ध्यानात आलं, आणि तो तसाच उभा राहिला, चिमटा हातात, पाय तिरका. आता काही उरलं नव्हतं वाचवायला.

दानिलोनं सगळं सांगितलं. वय, गुडघा, नवी ऊर्जा, मेल्कर. "आणि एल्वियो मला भावासारखाच राहील," असं म्हणून तो पेला उंचावून थांबला.

कुणी पेला उचलला नाही. मग एकदम गलका झाला. ज्या घरात डबल्सचा चषक भाकरीच्या टोपलीशेजारी ठेवत होते त्या घराला अचानक जोडीचं पावित्र्य आठवलं.

"पॅरिसच्या वेळी मी दोघांसाठी मेणबत्ती लावली होती," बेनिता म्हणाली आणि रडायला लागली. सगळं कालपासून ठाऊक असूनही ती मनापासून रडत होती.

"अहो आई, तुम्हीच म्हणालात ना उंच माणूस बरा म्हणून," मारियेला म्हणाली.

"मी नवऱ्याच्या दृष्टीनं म्हणाले होते. तुझ्या धाकट्या बहिणीसाठी."

गाडीच्या खिडकीतून आल्दो ओरडला, "दोघं दोघं करत बसलात. ट्रॅक्टर एकट्यानं चालवायचा असतो." त्याला पोराची बाजू घ्यायची होती, पण स्वीडनचा मेल्कर धरूनही ट्रॅक्टरवर दोघंच होत होते, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं रेडिओचा आवाज वाढवला.

फेर्मिन बेस्सोने विचार करत होते. "भिंत पुन्हा रंगवावी लागणार नाही," ते दिलाशाच्या सुरात म्हणाले. "कोपर तसंच ठेवता येईल. कोपरावर कुणाचं नाव नसतं."

ओतिलियानं कोशिंबिरीचा मोठा चमचा हातात घेतला. तो अध्यक्षांच्या डोक्यात घालायचा की नाही, हे ती ठरवतच होती, तेवढ्यात शेगडीपासून एल्वियोचा आवाज आला.

"मेल्करचं नक्की झालंय?"

"जवळजवळ," दानिलो म्हणाला. त्याला हायसं वाटलं. भाऊ शांतपणे बोलत होता. "सोमवारी सांगतो म्हणालाय. कुणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय. प्रायोजक असेल."

"माझ्या."

"काय तुझ्या?"

"उत्तराची." एल्वियोनं एक बरगडी उलटली. "बुधवारी फोन आला होता त्याचा. म्हणाला, मला मागं उभा राहणारा माणूस हवाय, येतोस का."

रेडिओवर सोयाबीनचे भाव लागले होते. आल्दोनं तो बंद केला.

"मग तू काय म्हणालास?" दानिलोनं विचारलं. पेला अजून वरच होता.

"नाही म्हणालो. म्हटलं, भाऊ आहे माझा, त्याला टाकून कुठं जाऊ. तो म्हणाला सोमवारपर्यंत विचार कर, तोवर मी दुसऱ्या कुणालातरी लटकवून ठेवतो."

तो 'दुसरा कुणीतरी' समोरच पेला धरून उभा होता. मारियेलानं तोंडावर हात ठेवला. तिच्या आयुष्यात तोंडातला तीळ पहिल्यांदा भिजला असेल. दानिलोनं पेला खाली ठेवला, पण बसला नाही. बसायचं कसं हे जणू तो विसरला होता.

"मग आता?" तो म्हणाला. आवाज अगदी लहानपणचा, क्लबच्या मैदानावरचा.

"आता काय. तू हात उघडलास ना." एल्वियोच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच दानिलोला जास्त लागलं. "मला पलीकडे जावंच लागतं. करतो त्याला फोन."

या सगळ्यात शेगडीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. शेगडीवाल्याचंही. धूर काळा झाला होता. एल्वियोनं घाईघाईनं बरगड्या फळीवर काढल्या आणि टेबलाशी आणल्या. ते मांस आता मांस म्हणण्याच्या पलीकडे गेलं होतं. आल्दोच्या कारखान्यातला पेरणीयंत्राचा पट्टा चौकोनी कापून ठेवावा तसं दिसत होतं. गाडीचं दार उघडून आल्दो खाली उतरला, लांबूनच फळीकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

पहिला तुकडा रीतीप्रमाणे ओतिलियाच्या पानात आला. एल्वियो समोर उभा होता, कपाळावर पुन्हा काळा पट्टा. तिनं तुकडा तोंडात घातला. दात खरोखरच दुखायला लागले. सगळे थांबले.

"मऊ झालंय," ओतिलिया म्हणाली. "आता कसं बरोबर झालंय." आणि तिनं घास गालात सरकवून मोठ्यानं पुकारलं, "शेगडीवाल्यासाठी टाळ्या."

पुकारा झाल्यावर हात बांधून बसायचं नसतं. शेगडीवाला बापाचा मारेकरी असला तरी त्याचा तेवढा अपमान त्या गावात कुणी करत नाही. फेर्मिन बेस्सोनेंचे तळहात दुपारपासून तयारच होते. बेनिता डोळे पुसत वाजवायला लागली, मारियेलाही. आल्दो गाडीपाशीच उभा होता. त्यानं आकाशाकडे पाहिलं आणि डास मारावा तशा दोन टाळ्या मारल्या.

दानिलोचा डावा हात अजून पाठीमागंच होता. एका हातानं टाळी वाजत नाही. त्यानं तो पुढं आणला, जमिनीकडे बघत वाजवायला लागला, आणि सगळे थांबले तरी थोडा वेळ वाजवत राहिला.

एल्वियोनं चिमटा मामाच्या हातात परत दिला आणि आईशेजारी येऊन बसला. "खरंच मऊ आहे?" त्यानं विचारलं. ओतिलियानं नुसती मान डोलावली. तिचा तो पहिलाच घास अजून चावून व्हायचा होता.